लेखणी आणि नस्तर : डॉक्टर बेंजामिन रश

अमेरिकेचा इतिहास वाचताना एका प्रसंगापाशी बहुतेक वाचक अडखळतात. डिसेंबर १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला, श्वास अडकू लागला. उपचार म्हणून एका दिवसात चार वेळा त्याची शीर तोडून रक्त काढण्यात आलं. पहिल्यांदा तर डॉक्टर यायच्या आधी, त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून! सगळं मिळून जवळपास अडीच लिटर रक्त गेलं असावं. त्याच रात्री तो वारला. वाचकाचा प्रश्न सरळ असतो : हे डॉक्टर शिकलेले होते, पेशंटवर त्यांचा जीव होता, मग इतकी उघड गोष्ट त्यांना दिसली कशी नाही?

‘त्या काळी विज्ञान मागासलेलं होतं’ एवढं म्हणून पुढचं पान उलटता येतं. पण त्या उत्तराने काही उलगडत नाही. मागासलेलं म्हणजे नेमकं काय नव्हतं त्यांच्याकडे? बुद्धी होती, पुस्तकं होती, धाडसही होतं. हे समजून घ्यायचं तर त्या काळातल्या अमेरिकेच्या सगळ्यात नावाजलेल्या डॉक्टरकडे जावं लागतं. त्याचं नाव बेंजामिन रश. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्या ५६ जणांच्या सह्या आहेत, त्यांतली एक त्याची.

१. फिलाडेल्फिया ते एडिंबरा

रशचा जन्म १७४६ च्या जानेवारीत फिलाडेल्फियाजवळच्या बायबेरी या गावी झाला. वडील शेती करायचे आणि बंदुका बनवायचे. रश पाच वर्षांचा असताना ते गेले. आईने शहरात किराणा मालाचं दुकान टाकून मुलं वाढवली. मुलगा हुशार निघाला. मावशीच्या नवऱ्याच्या शाळेत शिकून तो प्रिन्स्टनच्या कॉलेजात गेला आणि १४ व्या वर्षी पदवीधर झाला.

डॉक्टर व्हायचं म्हणजे त्या काळी एखाद्या जुन्या डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी करायची. औषधं कुटायची, पट्ट्या बांधायच्या, त्याच्या मागून घरोघर फिरायचं. वसाहतींमधल्या बहुतेक वैद्यांचं शिक्षण इथेच संपत असे. पदवी असलेले मोजकेच. रशने फिलाडेल्फियाच्या डॉ. जॉन रेडमन यांच्याकडे पाच वर्षं उमेदवारी केली आणि मग १७६६ मध्ये तो जहाजाने स्कॉटलंडला गेला. एडिंबराचं विद्यापीठ म्हणजे तेव्हाच्या वैद्यकाची पंढरीच. तिथे विल्यम कलन हा प्राध्यापक शिकवायचा. १७६८ मध्ये रशने एमडी मिळवली. पोटात अन्न कसं पचतं हा त्याच्या प्रबंधाचा विषय होता. त्यासाठी त्याने स्वतः जेवून, काही वेळाने औषधाने उलटी काढून, बाहेर आलेलं अन्न तपासलं होतं. प्रयोग आधी स्वतःवर करणारा माणूस होता हा. हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याच्यावर नाना आरोप झाले तरी ‘दुसऱ्याच्या जिवावर खेळतो’ हा आरोप त्याला सरळसरळ लागू पडत नाही.

एडिंबरात असतानाच त्याने आणखी एक कामगिरी केली. प्रिन्स्टनच्या कॉलेजला अध्यक्ष हवा होता आणि त्यांची नजर जॉन विदरस्पून या स्कॉटिश धर्मोपदेशकावर होती. विदरस्पून तयार होता, पण बायको एलिझाबेथ समुद्र ओलांडायला राजी नव्हती. विशीतल्या या विद्यार्थ्याने त्यांच्या घरी जाऊन तिचं मन वळवलं. पुढे त्याच विदरस्पूनचीही सही जाहीरनाम्यावर झाली. माणसाला पटवायची हातोटी रशकडे उपजतच होती.

१७६९ मध्ये तो परतला आणि २३ व्या वर्षी फिलाडेल्फियाच्या कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. हे पद वसाहतींमध्ये त्याआधी कुणाला मिळालेलं नव्हतं.

२. डॉक्टरचं राजकारणात काय काम?

जाहीरनाम्यावर सही करणारा रश हा काही एकटा डॉक्टर नव्हता. न्यू हॅम्पशायरचे जोसाया बार्टलेट आणि मॅथ्यू थॉर्नटन, जॉर्जियाचा लायमन हॉल हेही वैद्यकी करणारेच. कारण शोधायला लांब जायला नको. डॉक्टरला लिहिता-वाचता येई आणि श्रीमंताच्या दिवाणखान्यापासून मजुराच्या खोलीपर्यंत त्याला सगळीकडे प्रवेश असे. गावात कोण कशाने त्रासलंय हे त्याच्याइतकं पाद्र्यालाच ठाऊक.

रशने आपली पहिली मोठी उडी १७७३ मध्ये घेतली. गुलामगिरीच्या विरोधात त्याने एक पुस्तिका छापली. काळ्या माणसाची बुद्धी कमी असते हा समज खोटा आहे, गुलामीने माणूस खचतो, असं त्याने ठासून मांडलं. त्यामुळे त्याचे काही पेशंट तुटले. इथेच एक गोष्ट सांगायला हवी, कारण चरित्रकार कधी ती हळूच झाकतात : याच रशने पुढे विल्यम ग्रबर नावाचा एक गुलाम स्वतः विकत घेतला आणि १७९४ मध्ये मुक्त केला. लिहिणं आणि वागणं यांत वीसेक वर्षांचं अंतर पडलं.

दुसरी उडी जास्त गाजली. १७७५ मध्ये त्याची ओळख इंग्लंडहून नुकत्याच आलेल्या थॉमस पेनशी झाली. इंग्लंडपासून तुटून निघावं असं एक पत्रक लिहायचं रशच्या मनात होतं, पण प्रॅक्टिस बुडायची धास्ती होती. पेनला बुडवण्यासारखं काहीच नव्हतं! रशने त्याला लिहायला लावलं, मजकूर वाचून पाहिला आणि छापायला तयार होईल असा मुद्रकही सुचवला. पेनला नाव द्यायचं होतं ‘प्लेन ट्रुथ’. ‘कॉमन सेन्स’ हे नाव आपण सुचवलं, असं रशने आत्मचरित्रात नोंदवून ठेवलंय. जानेवारी १७७६ मध्ये ते पत्रक निघालं आणि वसाहतींतलं वातावरण पालटलं. त्याच महिन्यात रशचं ज्युलिया स्टॉक्टनशी लग्न झालं. तिचे वडील रिचर्ड यांनीही पुढे जाहीरनाम्यावर सही केली. सासरा-जावई दोघांची नावं एकाच कागदावर आली.

जुलैत रश काँग्रेसमध्ये निवडून गेला तेव्हा स्वातंत्र्याचं मतदान होऊन गेलेलं होतं. त्याने २ ऑगस्टला सही केली, वय वर्षं ३०. तो प्रसंग त्याने म्हातारपणी जॉन ॲडम्सला पत्रातून सांगितला. सभागृहात चिडीचूप शांतता होती. फक्त व्हर्जिनियाचा धिप्पाड बेंजामिन हॅरिसन काटकुळ्या एल्ब्रिज गेरीला म्हणाला, की आपल्याला फासावर चढवतील तेव्हा मी वजनामुळे चटकन मोकळा होईन, तू मात्र बराच वेळ हवेत नाचत राहशील. क्षणभर हशा पिकला आणि पुन्हा सगळे गप्प झाले.

राजकारणात पुढे मात्र त्याचं फारसं जमलं नाही. पेनसिल्वेनियाने त्याला काँग्रेसवर पुन्हा पाठवलं नाही. १७७७ मध्ये तो सैन्याच्या रुग्णालयांवर वरिष्ठ डॉक्टर म्हणून गेला. तिथे त्याने पाहिलं की शत्रूच्या गोळ्यांपेक्षा घाण, दाटी आणि ताप यांनी जास्त शिपाई मरताहेत. त्याने शिपायांच्या आरोग्यावर पुस्तिका लिहिली : केस कापा, अंग धुवा, कपडे बदला, दारू टाळा, भाजीपाला खा. सल्ला इतका साधा आणि बरोबर होता की आजही त्यात खोड काढता येत नाही. पण वरिष्ठ अधिकारी विल्यम शिपन यांच्यावर त्याने गैरकारभाराचे आरोप केले आणि भांडण पेटलं. त्याच हिवाळ्यात त्याने व्हर्जिनियाचा गव्हर्नर पॅट्रिक हेन्री याला एक निनावी पत्र धाडलं. सैन्याची दुर्दशा झाली आहे, वॉशिंग्टनच्या जागी दुसरा सेनापती हवा, असा त्याचा रोख. हेन्रीने ते पत्र थेट वॉशिंग्टनकडे पाठवून दिलं आणि वॉशिंग्टनने अक्षर ओळखलं! जानेवारी १७७८ मध्ये रशने राजीनामा दिला.

या माणसाचा पिंड इथे पुरता दिसतो. समोर राजा असो, गुलामांचे मालक असोत की सेनापती, रशला त्यांच्या अधिकाराचं दडपण येत नसे. स्वतःचं काही चुकत असेल अशी शंका मात्र त्याला सहसा शिवत नसे. राजकारणात या स्वभावाने त्याचं नुकसान झालं, देशाचं फारसं नाही.

३. एकच रोग, एकच उपाय

आता रक्ताकडे येऊ. शरीरातले दोष वाढले की रोग होतो आणि वाढलेलं काढून टाकलं की बरं वाटतं, ही कल्पना फार जुनी. ग्रीकांकडे रक्त, कफ आणि दोन प्रकारची पित्तं असे चार द्रव होते. आपल्याकडे वात-पित्त-कफ आहेत, आणि जळवा किंवा तुंबडी लावून रक्त काढणं हा प्रकारही इथे अनोळखी नाही. रशच्या गुरूंच्या पिढीत युरोपातल्या डॉक्टरांचं लक्ष द्रवांवरून नसा आणि मज्जातंतूंकडे वळलं होतं. त्यांनी रोगांच्या लांबलचक याद्या केल्या होत्या, शेकडो रोग, प्रत्येकाचं वेगळं नाव.

रशला या याद्या पसंत नव्हत्या. त्याचं म्हणणं असं, की मुळात ताप एकच आहे. रक्तवाहिन्यांमध्ये वाजवीपेक्षा जास्त ताण निर्माण होतो आणि त्या आचके दिल्यासारख्या वागू लागतात, हाच खरा रोग. बाकी सगळी त्याची रूपं. स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर डोळ्यांसमोर आणा. आत वाफ कोंडली की धोका. मग डाळ शिजतेय की भात, याने काय फरक पडतो? शिट्टी उचला, वाफ जाऊ द्या. रशच्या लेखी नस्तर म्हणजे ती शिट्टी. पोट साफ करणारं जालप आणि कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं एक संयुग, ही वाफ सोडायची दुसरी वाट. कुकरमध्ये वाफ खरोखर कोंडलेली असते. रशच्या पेशंटच्या शरीरात तसा काही ताण आहे हे मात्र कुणी कधी मोजून पाहिलेलं नव्हतं.

ही कल्पना त्याला एवढी का आवडली असेल? माझ्या मते याचं उत्तर त्याच्या राजकारणात आहे. क्लिष्ट याद्या, लॅटिन नावं आणि गुरूंची मक्तेदारी त्याला राजेशाहीसारखी वाटे. रोग एक आणि उपाय एक असेल तर वैद्यक सामान्य माणसाच्याही हाती येईल, असं त्याला वाटायचं. वैद्यक आणि राजकारण यांच्यामध्ये त्याने कधी भिंत घातलीच नाही. क्रांतीचा माणसांच्या शरीरावर काय परिणाम झाला यावर त्याने एक अख्खा निबंध लिहिलाय. त्यात म्हटलंय की क्रांतीच्या बाजूने असलेल्यांच्या प्रकृती सुधारल्या आणि इंग्लंडच्या बाजूचे लोक खंगले. या खंगण्याला त्याने ‘रेव्होल्युशियाना’ असं नावही ठेवलं. स्वातंत्र्याचा अतिरेक झाला की होणाऱ्या वेडाला ‘अनार्किया’. आज हसू येतं, पण तो हे गंभीरपणे लिहीत होता.

सिद्धान्तात आकड्याचीही एक चूक होती. माणसाच्या अंगात सुमारे २५ पौंड रक्त असतं असं रश धरून चालला होता, आणि त्यातलं पाचांपैकी चार भाग काढलं तरी चालतं असं सांगत होता. प्रत्यक्षात मोठ्या माणसात सुमारे ५ लिटर, म्हणजे साधारण ११-१२ पौंड रक्त असतं. त्याच्या हिशेबातलं ‘थोडंसं’ रक्त पेशंटच्या अंगातलं अर्ध्याहून जास्त असू शकत होतं.

४. सन १७९३

त्या वर्षी फिलाडेल्फिया अमेरिकेची राजधानी होती. उपनगरं धरून वस्ती सुमारे ५० हजार. उन्हाळ्यात कॅरिबियन समुद्रातल्या सेंट डोमिंगो बेटावरच्या बंडातून पळालेल्या निर्वासितांची जहाजं बंदराला लागली. ऑगस्टमध्ये नदीकाठच्या वॉटर स्ट्रीटवर माणसं पटापट मरू लागली. थंडी वाजून ताप, मग एखादा दिवस उतार, मग डोळे-कातडी पिवळी आणि काळी उलटी. १९ ऑगस्टला रशने निदान केलं : पीतज्वर. शहराने तीसेक वर्षं हा रोग पाहिला नव्हता, त्यामुळे इतर डॉक्टर बिचकत होते. रशचं निदान बरोबर होतं.

कारण मात्र त्याचं चुकलं. जवळच्या धक्क्यावर सडत पडलेल्या कॉफीच्या दुर्गंधीने हवा बिघडली, असं त्याने सांगितलं. खरा गुन्हेगार डास होता. क्युबातल्या कार्लोस फिनले या डॉक्टरने १८८१ मध्ये तसं मांडलं आणि वॉल्टर रीडच्या पथकाने १९०० मध्ये हवानात ते सिद्ध केलं. तो डास म्हणजे एडिस इजिप्ती. आपल्या घरातल्या कूलरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत वाढणारा आणि डेंग्यू पसरवणारा तोच.

लोक पळू लागले. सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनही माउंट व्हर्ननला निघून गेला. शहर सोडणाऱ्यांत डॉक्टरही होते. रश राहिला. बायको-मुलं प्रिन्स्टनला होती. तो ज्युलियाला जवळजवळ रोज पत्र लिही, आणि दिवसाला शंभराहून जास्त पेशंट पाही.

सुरुवातीला त्याने सौम्य उपाय केले : सिंकोनाची साल, वाइन, व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या घोंगड्या. पेशंट मरतच होते. अस्वस्थ होऊन तो जुनी कागदपत्रं चाळू लागला, तेव्हा त्याला जॉन मिचेल या डॉक्टरची एक हस्तलिखित टिपणवही आठवली. व्हर्जिनियातल्या जुन्या पीतज्वराची ती हकिकत कधीतरी बेंजामिन फ्रँकलिननेच त्याला दिली होती. मिचेलने लिहिलं होतं, की पेशंट कितीही अशक्त दिसला तरी जोरदार जुलाब द्यायला कचरू नका. ही अशक्तता वरवरची असते. रशला जणू किल्ली सापडली. त्याने कॅलोमेल आणि जालप यांचे मोठे डोस सुरू केले आणि जोडीला भरपूर रक्त काढायला घेतलं. पहिल्या पाच पेशंटांपैकी चार बरे झाले. लगेच त्याने वर्तमानपत्रांत उपचाराची कृती छापली, म्हणजे डॉक्टर न मिळणाऱ्यांना घरीच औषध घेता येईल.

काळ्या लोकांना हा रोग होत नाही, असं त्याने चार्ल्स्टनमधल्या एका जुन्या वृत्तांतात वाचलं होतं. त्याने रिचर्ड ॲलन आणि अबसलम जोन्स या काळ्या समाजाच्या पुढाऱ्यांना गळ घातली, की तुमच्या लोकांनी शुश्रूषेला पुढे यावं. ते आले. आजाऱ्यांची सेवा केली, प्रेतं उचलली, रशकडून शिकून शेकडो लोकांचं रक्तही काढलं. पण रोग त्यांनाही होत होता आणि तीही माणसं मरत होती. रशला चूक कबूल करावी लागली. साथ सरल्यावर मॅथ्यू कॅरी या प्रकाशकाने काळ्या परिचारकांवर लुबाडल्याचा आरोप छापला, तेव्हा ॲलन आणि जोन्स यांनी १७९४ मध्ये आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली. या साथीबद्दल जे लिहिलं गेलं त्यातलं सगळ्यात वाचनीय ते, असं मला वाटतं. कारण त्यात सिद्धान्त नाही, काय काय करावं लागलं ते आहे.

शहराबाहेर बुश हिल इथल्या रुग्णालयात वेगळीच पद्धत चालली होती. स्टीफन जिरार्ड या व्यापाऱ्याने व्यवस्था हाती घेतली होती आणि सेंट डोमिंगोहून आलेला फ्रेंच डॉक्टर झाँ दवेझ उपचार करत होता. विश्रांती, स्वच्छ अंथरूण, पातळ अन्न, सौम्य औषधं. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन आजारी पडला तेव्हा डॉ. एडवर्ड स्टीव्हन्सने त्यालाही अशाच पद्धतीने सांभाळलं. हॅमिल्टनने वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून स्टीव्हन्सची तारीफ केली. झालं! हॅमिल्टनच्या पक्षाचे लोक साल-वाइनवाले आणि त्याचे विरोधक रक्त काढणारे, अशी उपचारांतही पक्षीय फूट पडली.

रशची बहीण या साथीत गेली, त्याचे काही विद्यार्थी गेले. तो स्वतः तापाने पडला तेव्हा त्याने स्वतःवर तोच उपचार करवून घेतला आणि वाचला. हिवाळ्याच्या तोंडाशी थंडी पडली, डास मेले आणि साथ ओसरली. ४ ते ५ हजार माणसं दगावली होती.

५. शंभरातले किती बरे?

मुख्य प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. रश दिवसभर पेशंट पाहत होता, नोंदी ठेवत होता, विचार करत होता. तरी त्याला का दिसलं नाही? त्याच्या मोजण्यातच तीन भोकं होती.

सप्टेंबरात एके दिवशी त्याने देवाचे आभार मानत नोंद केली, की आज पाहिलेल्या शंभर पेशंटांपैकी एकही दगावला नाही. ऐकायला केवढं छान वाटतं! पण विचार करा : आज पाहिलेला पेशंट मरणार तो उद्या, परवा किंवा चौथ्या दिवशी. उद्या रश जाईल नव्या शंभर घरी. एखाद्या दिवशी किती मेले, यावरून औषध कळत नाही. एकाच शंभर जणांच्या मागे शेवटपर्यंत जावं लागतं.

दुसरं भोक निदानाचं. ताप एकच, असं मानल्यामुळे साथीच्या काळात आलेला जवळजवळ प्रत्येक ताप रशने पीतज्वर ठरवला. हिशेबासाठी कल्पित आकडे घेऊ. शंभर पेशंट आले. ६० जणांना खरा पीतज्वर, ४० जणांना हिवताप किंवा साधी सर्दी. पीतज्वराच्या ६० पैकी २० मेले, म्हणजे तिघांत एक. साध्या तापाचे ४० तसेही बरे होणारच होते. सगळे एकत्र केले की शंभरात २० मेले, म्हणजे पाचांत एक. उपचार तोच, मृत्यू तेवढेच, पण यशाचं प्रमाण कागदावर वाढलं!

तिसरं भोक सगळ्यात मोठं. काहीच केलं नसतं तर किती वाचले असते? पीतज्वर झालेले बरेच जण तीन-चार दिवसांत आपोआप सावरतात. थोड्यांनाच पुढची, कावीळ आणि रक्तस्रावाची अवस्था येते. म्हणजे पाचांपैकी चार बरे झाले तर ते औषधाने झाले की औषध असूनही झाले, हे त्या पाचांकडे कितीही टक लावून पाहिलं तरी समजणार नाही. त्यासाठी शेजारी दुसरा गट हवा, औषध न दिलेला किंवा वेगळं दिलेला. बुश हिलला तसा गट होता. रशने तिकडे स्पर्धक म्हणून पाहिलं, तुलना म्हणून नाही.

ही तुलना करायचं काम पॅरिसमधल्या पिएर लुई या डॉक्टरने केलं. १८३५ मध्ये त्याने न्युमोनियाच्या ७७ पेशंटांचा हिशेब प्रसिद्ध केला. ज्यांचं रक्त आजाराच्या पहिल्या चार दिवसांत काढलं त्या ४१ पैकी १८ मेले. ज्यांचं नंतर काढलं त्या ३६ पैकी ९ मेले. पहिल्या गटात शंभरी ४४, दुसऱ्यात २५. रक्त जितकं लवकर काढाल तितका गुण, हा डॉक्टरांचा विश्वास होता आणि आकडे उलटं सांगत होते. गट लहान होते, आणि आजचा संशोधक त्यांवर बऱ्याच हरकती घेईल. पण वॉशिंग्टनच्या डॉक्टरांकडे जे नव्हतं ते हे : दोन रांगा शेजारी मांडून मोजायची सवय.

६. कोर्टातला विजय

पीतज्वर फिलाडेल्फियात पुनःपुन्हा येत राहिला. १७९७ च्या साथीत रशवर तुटून पडला विल्यम कॉबेट. हा इंग्रज पत्रकार ‘पीटर पॉर्क्युपाइन’, म्हणजे साळिंदर, या टोपणनावाने लिहायचा. टोपणनाव सार्थ होतं. त्याने शहरातल्या मृत्यूंच्या याद्या काढून दाखवल्या, की रशची पद्धत सुरू झाल्यावर मरणाऱ्यांचा आकडा चढला आहे. हेतू राजकीय द्वेषाचा होता, भाषा शिवराळ होती, तरी मुद्दा असा की निदान तो मोजत तरी होता! रशने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १४ डिसेंबर १७९९ ला निकाल लागला : कॉबेटने ५ हजार डॉलर भरपाई द्यावी. कॉबेटला शेवटी देश सोडून जावं लागलं.

तारीख ओळखीची वाटली असेल. त्याच दिवशी माउंट व्हर्ननला वॉशिंग्टनचं रक्त काढलं जात होतं. त्याच्या उशाशी असलेल्या तीन डॉक्टरांत वयाने सगळ्यात लहान होता एलिशा डिक, रशचा विद्यार्थी. आणखी रक्त काढू नका, रोग्याला आता शक्तीची गरज आहे, असं म्हणणारा तोच होता. इतरांनी ऐकलं नाही.

७. लोखंडी कड्या आणि लाकडी खुर्ची

एवढं वाचून रश म्हणजे केवळ रक्तपिपासू असं वाटलं, तर तेही खरं चित्र नव्हे. १७८६ मध्ये गरिबांना मोफत औषध देणारा दवाखाना शहरात निघाला, त्यामागे तो होता. मुलींना शिकवा म्हणून त्याने निबंध लिहिला. डिकिन्सन कॉलेज त्याने उभं केलं. दारूच्या व्यसनाला त्याने पाप न म्हणता आजार म्हटलं, हे १७८० च्या दशकात!

पेनसिल्वेनिया हॉस्पिटलमध्ये वेडे ठरवलेले लोक थंड, दमट कोठड्यांत ठेवत. रशने त्यांच्यासाठी शेगड्या मागितल्या, स्नानाची सोय मागितली, हाताला काम द्या म्हटलं, त्यांच्याशी बोलायला समजूतदार परिचारक ठेवा म्हटलं. १८१२ मध्ये त्याने मनाच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. अमेरिकेतलं त्या विषयावरचं ते पहिलं मोठं पुस्तक. पण इथेही जुना सिद्धान्त आडवा आला. वेड म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला ताण, म्हणून रक्त काढा. शिवाय त्याने एक खुर्ची बनवून घेतली. पेशंटचे हात, पाय, छाती पट्ट्यांनी बांधायचे, डोकं लाकडी पेटीत बसवायचं, म्हणजे हालचाल थांबून मेंदूकडे रक्त कमी जाईल. कोठडीतल्या बेड्यांपेक्षा हे दयाळू आहे, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याच हॉस्पिटलात १८१० पासून त्याचा थोरला मुलगा जॉन होता. नौदलात अधिकारी असताना द्वंद्वयुद्धात जॉनच्या हातून मित्र मारला गेला आणि त्यानंतर तो पुन्हा धड झाला नाही. बापाच्या पश्चातही तो तिथेच राहिला.

८. पत्रं आणि गोळ्या

१७९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ॲडम्सने रशला सरकारी टांकसाळीचा खजिनदार नेमलं आणि मरेपर्यंत ती नोकरी टिकली. कॉबेटशी झालेल्या भांडणात पेशंट तुटले होते, त्यामुळे तिचा आधारही होता. ॲडम्स आणि थॉमस जेफरसन यांच्यात १८०० च्या निवडणुकीपासून अबोला होता. रशने ॲडम्सला लिहिलं, की मला स्वप्न पडलं. तुम्ही दोघं पुन्हा पत्रं लिहू लागला आहात असं एका इतिहासग्रंथात मी वाचत होतो. दोघांच्याही मागे तो दोन-अडीच वर्षं लागला. १ जानेवारी १८१२ ला ॲडम्सने जेफरसनला पत्र लिहिलं आणि त्यांचा पत्रव्यवहार पुढे चौदा वर्षं चालला. राजकारणी म्हणून रशचं सगळ्यात नेमकं काम कदाचित हेच. एडिंबरात विदरस्पूनच्या बायकोला पटवणारा माणूस साठी ओलांडल्यावरही तसाच होता.

१९ एप्रिल १८१३ ला तो तापाने गेला. शेवटच्या आजारात त्याने आपलंही रक्त काढायला लावलं होतं. तोवर त्याने सुमारे ३ हजार विद्यार्थी शिकवून देशभर पाठवले होते आणि त्यांच्या पिशवीत नस्तर होतं, म्हणून अमेरिकेत ही पद्धत पुढची काही दशकं हटली नाही.

त्याच्या गोळ्याही दूरवर गेल्या. १८०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसनने मेरीवेदर लुइसला पश्चिमेकडच्या अज्ञात मुलखात पाठवताना आधी रशकडे पाठवलं. रशने त्याला आरोग्याचे नियम लिहून दिले, वाटेतल्या आदिवासींना विचारायचे प्रश्न दिले आणि तुकडीने कॅलोमेल-जालपाच्या शेकडो गोळ्या बरोबर घेतल्या. बद्धकोष्ठापासून तापापर्यंत लुइस आणि त्याचा साथीदार क्लार्क यांनी त्या सगळ्यावर वापरल्या. कॅलोमेलमधल्या पाऱ्याचा बराचसा भाग शरीरात शोषला जात नाही, तो जसाच्या तसा बाहेर पडतो आणि मातीत टिकून राहतो. २००२ मध्ये मोंटानातल्या ‘ट्रॅव्हलर्स रेस्ट’ इथे उत्खनन करणाऱ्यांना एका जुन्या शौचखड्ड्याच्या मातीत पारा सापडला. लुइस आणि क्लार्कचा तळ नेमका कुठे पडला होता हे ठरवायला त्यांना त्याची मोठी मदत झाली.